गावठी, संकरित आणि चेरी टोमॅटो : वाढ आणि पोषण यांची तुलना कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. जुन्नर तालुक्यात आमची दहा गुंठे बागायत जमीन मी घरच्या आणि पुण्यातील पंधरा-वीस ओळखीच्या कुटुंबांच्या भाजीपाल्यासाठी राखून ठेवली आहे. गेल्या खरिपात तिथे तीन प्रकारचे टोमॅटो शेजारीशेजारी लावले : चपटा, कडेला चुण्या असलेला गावठी, बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण, आणि लाल चेरी. गावठीची निम्मी झाडे पर्णगुच्छ रोगाने आक्रसली, अर्का रक्षक शेवटपर्यंत उभा राहिला, आणि चेरी तारेच्या वर जाऊनही वाढतच राहिला, पण त्याची तोडणी करताना माणसे कंटाळून गेली. आता ग्राहक विचारतात, की यांतला सर्वांत पौष्टिक कोणता. ‘गावठी’ असे उत्तर मी आजवर देत आलो. मात्र त्याला काही आधार आहे का, हे मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे. रब्बीची रोपे टाकण्यापूर्वी मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

पहिले उत्तर

मी बरीच वर्षे टोमॅटो पिकवतो, म्हणून वाढीपुरतेच लिहितो. आपल्या तिन्ही वाणांची तुलना करताना आधी झाडाची ठेवण पाहावी लागते. झुडपी वाणाच्या शेंड्याला फुलोरा येऊन वाढ थांबते आणि बहुतेक फळे थोड्या आठवड्यांत हाती येतात. रोमा हे याचे जुने उदाहरण. चेरीचे बहुतेक वाण मात्र सतत वाढणारे असतात, त्यामुळे त्यांच्या बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) वेळच्या वेळी काढल्या नाहीत तर झाड पानांतच शक्ती घालवते.

अर्का रक्षक टिकला यात नवल नाही. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक म्हणूनच तो तयार केलेला आहे, आणि योग्य व्यवस्थापनात हेक्टरी 75 ते 80 टन उत्पादन त्याच्याकडून अपेक्षित धरले जाते. आपल्या गावठी झाडांचा खरा शत्रू पांढरी माशी आहे, कारण पर्णगुच्छाचा विषाणू तीच पसरवते. रोपवाटिकेवर पहिल्या दिवसापासून बारीक जाळी लावली, तर त्याच गावठी वाणाचे चित्र बरेच बदललेले दिसेल. उघड्यावर वाढवलेल्या रोपांवरून वाणाला नापास करणे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरे उत्तर

मी अन्नशास्त्र शिकवते. सर्वसाधारण पिकलेल्या लाल टोमॅटोत सुमारे 94 ते 95 टक्के पाणी असते; 100 ग्रॅममागे साधारण 18 किलोकॅलरी, 14 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 240 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारे द्रव्य) मिळते. वाणानुसार हे आकडे हलतात, पण ‘गावठी’ या एका शब्दावरून ते कोणत्या दिशेने हलतील हे सांगता येत नाही. आपल्या तिघांत वजनास वजन तुलना केली तर बहुधा चेरी पुढे राहील. लहान फळात आकारमानाच्या मानाने साल अधिक असते, आणि लायकोपीन गरापेक्षा सालीत दाट असते. शिवाय त्यात पाण्याचा वाटा कमी व साखर अधिक असते. लायकोपीन हाच मुख्य हेतू असेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग्यश्री हा वाणही अवश्य पाहावा, कारण तो त्याच गुणासाठी ओळखला जातो.

तरीही वाणाइतकेच वजन मी पिकण्याच्या परिस्थितीला देईन. फळाचे तापमान 30 ते 32 अंशांच्या वर राहिले की लायकोपीन तयार होणे मंदावते, पिवळी-नारिंगी कॅरोटीन मात्र बनत राहतात. उन्हाळी टोमॅटो फिकट नारिंगी दिसतो तो यामुळे. म्हणून रब्बीत फळांवर पानांची सावली राहू द्यावी, छाटणी अति करू नये. स्वयंपाकाचाही परिणाम मोठा आहे : शिजवल्याने पेशींच्या भिंती फुटतात आणि थोड्या तेलातुपाबरोबर लायकोपीन शरीरात अधिक शोषले जाते, तर क जीवनसत्त्व उष्णतेने घटते. एकाच घरात टोमॅटोचे सार आणि कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर दोन्ही होत असतील, तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

तिसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु गावठीची बाजू एका मुद्द्यावर मांडायलाच हवी. पिकण्याआधी ज्या फळांचा देठाकडचा भाग गडद हिरवा असतो, त्यांत हरितद्रव्य अधिक असते. फळ एकसारखे रंगावे म्हणून निवडलेल्या बहुतेक आधुनिक वाणांत हा हिरवेपणा नियंत्रित करणारे जनुक निकामी झालेले आहे, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. ते जनुक पूर्ववत केल्यावर फळांतील साखर आणि लायकोपीन वाढल्याचेही त्यात आढळले. आपल्या गावठी फळांना असा हिरवा खांदा येत असेल, तर आपल्या ग्राहकांना जाणवणाऱ्या चवीला आधार आहे. खांदा येत नसेल, तर निदान हा आधार तरी लागू होत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. आमच्या गावठीला हिरवा खांदा स्पष्ट येतो, हे आजच घरच्या जुन्या छायाचित्रांतून पाहिले. रब्बीत तिन्ही वाण पुन्हा लावीन, सोबत भाग्यश्रीच्या दोन ओळी घेईन, आणि सगळी रोपे जाळीत वाढवीन. गावठीचे बी घरीच धरता येईल का?

पहिले उत्तर देणारे

येईल. टोमॅटोत बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्याने गावठी आणि भाग्यश्रीचे बी निरोगी झाडांवरील पूर्ण पिकलेल्या फळांतून घ्यावे, रसातच एक-दोन दिवस आंबवून धुवावे आणि सावलीत वाळवावे. अर्का रक्षकचे मात्र धरू नये. तो संकरित आहे, पुढच्या पिढीत गुण विखुरतात.