स्ट्रासबर्गला एक दिवस, सोबत आईबाबा आणि सहा वर्षांचं पोरगं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पोराला झोपवून घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही जर्मनीत कार्ल्सरूहेला राहतो, आईबाबा निपाणीहून दोन महिन्यांसाठी आलेत आणि येत्या शनिवारी त्यांना सीमेपलीकडचं, फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग दाखवायचंय. सकाळी जाऊन रात्री परत. मी आणि नवरा एकदा डिसेंबरात ख्रिसमस बाजाराला गेलो होतो पण तेव्हा पुढच्या माणसांच्या पाठी सोडून काही दिसलं नाही, त्यामुळे आम्हीही तसे नवखेच.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि त्यात निपाणीचे, सीमाप्रश्न ऐकतच मोठे झालेले, त्यामुळे आठवडाभर घरात वर्ग भरलाय. १६८१ ला चौदाव्या लुईने शहर घेतलं, १८७१ ला जर्मनीकडे गेलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, १९४० ला परत जर्मन आणि १९४४ ला परत फ्रेंच. काल जेवताना म्हणाले, "१८७० ला जन्मलेल्या माणसाने घर न बदलता चारदा देश बदलला, आणि आपण एकदाच राज्य बदलायचं म्हणून किती वर्षं मोर्चे काढतोय." तर त्यांची एकच इच्छा आहे, ऱ्हाइन नदी पायी ओलांडायची, एका देशातून दुसऱ्यात. पण गुडघे दुखतात, पायऱ्या फार जमत नाहीत.

आता प्रश्न. केल या सीमेवरच्या जर्मन गावापर्यंत आम्ही आमच्या जर्मनी तिकिटावर (लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) जाणार, पुढे ट्राम घ्यायची की पूल चालायचा? पुलाला पायऱ्या आहेत का?

कॅथेड्रलमधलं ते खगोलीय घड्याळ दुपारी साडेबाराला चालतं म्हणे, त्याला तिकीट लागतं का आणि किती आधी जायचं? बुरुजाच्या ३३२ पायऱ्या बाबांना शक्यच नाहीत, पण पोरगं हट्ट करणार, म्हणजे नवरा वर आणि मी खाली असं होईल.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न आईचा. शनिवारी तिचा उपास. साबुदाण्याची खिचडी डब्यात घेतेय, पण ती थंड झाली की तिचा गोळा होतो आणि मग आई "राहू दे, मला भूक नाही" सुरू करते, हे तुम्हाला माहीतच असेल. बाकी आम्ही शाकाहारी, तो पातळ पिझ्झासारखा तार्त फ्लाम्बे का काय तो बेकनशिवाय मिळतो का?

अजून एक, मागच्या महिन्यात ट्रेनमध्ये पोलिसांनी पासपोर्ट मागितले आणि बाबांचा घरी कपाटात. चूक माझीच. पोलीस चांगले होते म्हणून सुटलो, पण बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आता सीमेवर तपासणी असते ना?

प्रतिसाद : ताई, पासपोर्ट सगळ्यांचे घ्याच, पोराचासुद्धा, झेरॉक्स नको. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केलीय, येताना ट्राममध्येही पोलीस चढतात कधीकधी. पायी जायचं तर २००४ चा पादचारी पूल आहे नदीकाठच्या बागेत, त्याला दोन वाटा आहेत, पायऱ्यांची सोडून सायकलवाल्या वाटेने काकांना न्या. तेही नको तर ट्रामच्या पुलावर शेजारी चालायला सपाट जागा आहे, मधोमध थांबून फोटो काढा. पुढे डी ट्राम थेट गावात नेते.

प्रतिसाद : घड्याळाला तिकीट लागतं, त्या वेळेत बाकीचं कॅथेड्रल बंद असतं, दक्षिणेकडच्या दारातून आत घेतात. साडेअकरापर्यंत पोचा. घड्याळात पाव तासाचा ठोका पोरगं देतं, अर्ध्याचा तरुण, पाऊणचा मोठा माणूस, तासाआधी म्हातारा, आणि तासाचा ठोका थेट मृत्यू देतो. माझ्या सासूबाई तिथून हलेनात. मग वर कोंबडा तीनदा आरवतो, तुमच्या पोराला तेवढंच आवडेल. दुपारनंतर बोट घ्या, पेतित फ्रान्स या जुन्या भागात पाणी अडवणाऱ्या दोन दारांमध्ये पाणी भरून बोट वर चढते आणि युरोपियन संसदेपर्यंत जाऊन येते, गुडघ्यांना आराम. फक्त काकांना त्या भागाचं नाव कुठून आलं ते सांगू नका, तिथे पूर्वी गुप्तरोग्यांचं रुग्णालय होतं आणि जर्मन लोक त्या रोगाला फ्रेंच रोग म्हणायचे 😄

प्रतिसाद : तार्त "सां लार्दों" (बेकनशिवाय) म्हणून मागा, फक्त कांदा आणि क्रीम येतं. उपासाला फ्राईजच्या भानगडीत पडू नका, तेल कशाचं असतं देव जाणे. खिचडी थर्मासमध्ये भरा, आधी उकळतं पाणी घालून थर्मास तापवून घ्या, दाण्याचं कूट जरा जास्त टाका. आमची सकाळी सातची खिचडी दुपारी एक वाजताही मोकळी होती.

धागाकर्ती : थर्मास! हे सुचलंच नव्हतं. बाबांना फ्रेंच रोगाचं वाचून दाखवलं, म्हणाले मला आधीच माहीत होतं.