मदत हवी आहे: प्रोजेक्टचे व्हिडिओ लोक सुरुवातीलाच सोडतात

जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या दोन स्टेपर मोटर, आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि जीआरबीएल (मोटर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून पेन प्लॉटर (पेनने चित्र काढणारं यंत्र) बनवला, यूट्यूबवर १४ मिनिटांचा व्हिडिओ टाकला. पहिल्या ४० सेकंदांतच निम्मे प्रेक्षक गळतात. तिथे मी सुटे भाग मांडून दाखवतोय. पण स्क्रूच्या ढिलाईमुळे पेन गोलाऐवजी अंडं काढतं, तिथे रिटेन्शनचा (किती प्रेक्षक टिकून आहेत त्याचा) आलेख चक्क वर चढतो! लोक तेवढंच पुन्हा बघतात.

थंबनेल बदलून झालं. शॉर्ट्सना व्ह्यूज येतात, पण ते लोक मोठ्या व्हिडिओकडे वळत नाहीत. कोड गिटहबवर (कोड शेअर करायच्या साइटवर) आहेच. चेहरा दाखवायचा नाही, महिन्याला एकच प्रोजेक्ट जमतो. सर्किटचं स्पष्टीकरण कापायला मन होत नाही, स्वतः बनवणारे त्यासाठीच येतात.

असं चॅनल वाढवलेल्यांनी सांगा: फसलेला भाग सुरुवातीला घेऊन स्पष्टीकरणाचा वेगळा व्हिडिओ करावा, की सगळं एकाच व्हिडिओत ठेवावं?