मदत हवी आहे : बाबांच्या पार्किन्सन्सच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

मृण्मयी : बाबांना पार्किन्सन्स आहे. गेले दोन महिने मी रोज रात्री त्यांना त्रास किती झाला ते विचारून वहीत शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहिते. जवळजवळ सगळे आकडे पाच किंवा सहा आहेत. डॉक्टरांनी वही चाळली आणि यावरून औषधाचे काही ठरवता येत नाही, असे सांगून परत दिली. पुढची भेट दहा दिवसांवर आली आहे. नेमके काय लिहावे, ते कृपया लवकर सांगावे.

चाफा : औषध कोणते आणि ते किती वाजता घेतात, हे आपण लिहिलेलेच नाही. लेव्होडोपा असेल, तर गोळीचा गुण असतानाचा वेळ आणि तो ओसरल्यानंतरचा वेळ एका आकड्यात मिसळले की दोन्ही हरवतात. शिवाय हा आकडा कंपाचा, ताठरपणाचा की मंदावलेल्या हालचालींचा?

उंबरठा : वही सोडा आणि मनगटावर बांधायचे उपकरण घ्या. आईच्या बाबतीत आम्ही तेच केले. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही.

चाफा : असहमत. उपकरणाला हालचाल कळते. उदासी, बद्धकोष्ठता किंवा दारात पाय खिळण्याची धास्ती कळत नाही. २००८ च्या एमडीएस-यूपीडीआरएस या पार्किन्सन्सच्या लक्षणांच्या मापनश्रेणीतही दैनंदिन कामांविषयीचा भाग रुग्णालाच भरायचा असतो, तो उगाच नव्हे.

सदाफुली : गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यावी, कारण प्रथिनांमुळे लेव्होडोपाचे शोषण कमी होते.

उंबरठा : प्रश्न तो नाही, पण जेवणाच्या वेळाही लिहाव्यात हे खरे.

मृण्मयी : क्षमस्व, हे सांगायचे राहिले. लेव्होडोपाच आहे, सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ वाजता. मी विचारते तेव्हा आई शेजारी असते. तिला काळजी वाटू नये म्हणून बाबा 'पाच लिही' म्हणतात, असे आता लक्षात येते आहे.

दीपस्तंभ : मग रात्री विचारणे थांबवा. भेटीआधीचे तीन दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखून द्या आणि प्रत्येक रकान्यात बाबांनी त्या त्या वेळीच खूण करावी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या हाउझर डायरीत अशा पाच अवस्था आहेत : झोप, ऑफ (गोळीचा गुण ओसरलेला), डिस्कायनेशियाविना ऑन (गोळीचा गुण असलेला), त्रास न देणाऱ्या डिस्कायनेशियासह ऑन आणि त्रासदायक डिस्कायनेशियासह ऑन. कंप लयबद्ध असतो, तर डिस्कायनेशियात अंग वळवळल्यासारखे हलते. हा फरक आधी समजावून सांगा, नाहीतर खुणा चुकतात. ही वळवळ पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही, म्हणून आईंचे निरीक्षण वेगळ्या रकान्यात असावे, पण बाबांची खूण कोणीही खोडू नये.

मृण्मयी : तीन दिवस झाले. तिन्ही दिवशी दहाच्या सुमारास 'ऑफ' सुरू होते आणि ११ ची गोळी घेतल्यावरही पाऊण तास टिकते. दुपारी तीनच्या आधीही तसेच. बाबांनी समासात स्वतःहून दोन-चार शब्द लिहिले आहेत. सकाळी आठचे 'चहा स्वतः केला' सहज वाचता येते, पण साडेदहाचे 'शर्टाचे बटण लागेना' शेवटाकडे इतके बारीक होत गेले आहे की मला भिंग घ्यावे लागले. डॉक्टरांसाठी हे सगळे सुवाच्य अक्षरात उतरवून काढू का?

चाफा : नको. बाबांच्या हातचे मूळ कागदच न्या.