मदत हवी आहे: सारखा कान फुटल्यामुळे लेकराचं बोलणं मागे पडलंय का?

नमस्कार. आम्ही जिंतूरकडचे. मुलगा आता 22 महिन्यांचा आहे. शब्द मोजून सहा: आई, बा, मम, दे, भुर्र, माऊ. त्यातल्या 'बा'मध्ये बाबा, भाकर, बाळ सगळेच बसतात. जावेची मुलगी याच वयात "आजी पाणी दे" म्हणायची, त्यामुळे घरात तुलना सुरू. सासूबाई म्हणतात, "ह्याचा बापबी तीन वर्षांचा होईस्तोर बोलला नव्हता, वेखंड उगाळून चाटव." तेही झालं.

मला शंका कानाची येते. आठव्या महिन्यापासून पाच वेळा कान फुटला. सर्दी झाली की दोन-तीन दिवसांनी ताप, रात्रभर रडणं, सकाळी उशीवर पिवळा डाग. औषधाने पू थांबायचा आणि आम्ही विसरून जायचो. जन्मल्यावर केलेली कानाची तपासणी (ओएई) नीट आली होती, म्हणून ऐकण्याचा संशयच घेतला नाही. शिवाय ट्रॅक्टर आला की पठ्ठ्या दाराकडे पळतो! पण पाठीमागून हळू हाक मारली तर ढिम्म. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो, त्याचं आता फार वाईट वाटतं.

मागच्या आठवड्यात परभणीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. टिंपॅनोग्रामची (कानाचा पडदा किती हलतो ते दाखवणारी तपासणी) रेघ दोन्ही कानांची सपाट, 'बी टाइप'. पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. लहान लेकरांची नाकातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून त्याचा निचरा होत नाही. पार बहिरा नाही, पण कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येत असणार. स, फ, त असले बारीक आवाज निसटतात म्हणे. तीन महिने वाट पाहायची, बेरा तपासणी (आवाजाला मेंदूपर्यंतच्या नसा कसा प्रतिसाद देतात ते बघून ऐकणं मोजतात) करायची, पाणी राहिलंच तर ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी). कानात तेल बंद, आडवं झोपवून बाटली बंद. (तेलावरून घरात झालेलं महाभारत इथे लिहीत नाही.)

दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं. मग हे तीन महिने नुसतं थांबायचं, की स्पीच थेरपी आत्ताच सुरू करायची? ज्यांच्या लेकराला ग्रोमेट टाकलं, त्यांचं बोलणं किती दिवसांत सुधारलं? त्याच दिवशी घरी सोडलं का? आशाताईंनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीचं (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) नाव सुचवलंय. परभणीत तिथे कुणी गेलंय का, थेरपिस्ट रोज भेटतात की ठरावीक वारी? नांदेड, संभाजीनगरलाही जाऊ, पण दर आठवड्याला जमणार नाही, सोयाबीनची काढणी तोंडावर आली.

नंतरची भर: तोंड दिसेल असं समोर बसून बोला, टीव्ही बंद ठेवा, असं सांगणाऱ्यांचे आभार. काल तसंच 'हात, पाय' खेळलो. पायाला हात लावून 'पा' म्हणाला. हा सातवा शब्द धरायचा का?