घरासाठी परवडणारे कॅमेरे: वायरवाले घ्यावेत की वायफाय? किती मेगापिक्सेल?

अंगणवेल:
आईबाबा दोघंच घरी असतात, वयं झालीयेत, आणि हल्ली रात्री कुणीतरी कंपाउंडमधे येऊन गेल्यासारखं त्यांना दोनतीनदा वाटलं म्हणून कॅमेरे बसवायचं नक्की केलंय. बैठं घर आहे. पुढे गेट, गेटपासून मुख्य दारापर्यंत साधारण ८ मीटर, उजव्या बाजूने अरुंद बोळ आणि मागे स्वयंपाकघराचं दार. बजेट बेताचंच आहे. मी लांब राहते त्यामुळे मोबाईलवर बघता यायला हवं आणि मुख्य म्हणजे कुणी आलं तर चेहरा ओळखू आला पाहिजे, नुसती सावली हलताना दिसून काय करायचं.
एक जण सांगतो चार कॅमेरे आणि डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) तयार सेट घेऊन टाका, दुसरा म्हणतो कशाला वायरी, वायफायचे घ्या, तिसरा म्हणतो ८ मेगापिक्सेलच्या खाली बघूच नका. जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. दर महिन्याला सबस्क्रिप्शन भरायचं नाहीये. कुणी वापरून बघितलेलं असेल तर नीट सांगा प्लीज.

तारजोड:
ताई, मेगापिक्सेलचा विचार जरा बाजूला ठेवा, आधी कॅमेऱ्याची लेन्स किती एमएमची आहे ते बघा. तयार सेटमधे बहुतेक वेळा सगळे कॅमेरे २.८ एमएमचेच येतात, म्हणजे साधारण १०० अंशाचा पसारा, अंगण सगळं दिसतं पण माणूस मुंगीएवढा दिसतो. या कामात एक मोजमाप वापरतात, अनोळखी माणसाचा चेहरा पक्का ओळखायचा तर त्या जागी चित्रातल्या एका मीटर रुंदीत २५० पिक्सेल पडायला हवेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात आणि नुसतं कुणीतरी आहे एवढं कळायला २५.
आता तुमचं गेट ८ मीटरवर. २.८ एमएमच्या लेन्समधे ८ मीटरवर जवळजवळ १९ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. ८ मेगापिक्सेलचं चित्र ३८४० पिक्सेल रुंद असतं, त्याला १९ ने भागा, मीटरला २०० च आले. आणि साधा २ मेगापिक्सेलचा, १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा ६ एमएमच्या लेन्सने घेतलात तर तिथे दृश्य ८ मीटरच्या आतबाहेर रुंद असतं, म्हणजे मीटरला २४०-२५०. स्वस्तातला २ वाला महागड्या ८ वाल्याच्या पुढे गेला ना! ४ मेगापिक्सेल आणि ६ एमएम घेतलं तर मीटरला ३२० च्या आसपास, चेहऱ्यासाठी निवांत. सेन्सरप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात पण हिशोब हाच.
म्हणून माझं मत असं, चार सारखे कॅमेरे घेण्यापेक्षा तीन घ्या पण जागेप्रमाणे घ्या. दारावरून गेटकडे बघणारा ६ एमएम. बोळात ४ एमएम, आणि तो ९० अंशात वळवून उभा लावा, बहुतेक आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांच्या सेटिंगमधे चित्र फिरवायची सोय असते, अरुंद जागेत भिंती दिसण्याऐवजी बोळ लांबवर दिसतो. मागच्या दारावर २.८ चालेल कारण तिथे माणूस दोनतीन मीटरवरच येणार.

घरभाडेकरू:
हिशोब पटला, पण वायफायला सरसकट नाही म्हणू नका राव. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, भिंतीला भोकं पाडायची परवानगी नाही, तिथे वायफायशिवाय दुसरं काय लावणार? दोन वर्षं होत आली, नीट चाललेत. फक्त घेताना माहीत हवं की वायफाय म्हणजे बिनवायरी नव्हे, करंटची वायर लागतेच. ज्यांना तीही नको ते बॅटरीवाले घेतात पण ते सतत रेकॉर्ड करत नाहीत, हालचाल जाणवली की जागे होतात आणि जागं होईपर्यंतचे पहिले एकदोन सेकंद जातात, माणूस फ्रेमच्या मधोमध आल्यावर क्लिप सुरू होते नाहीतर पाठमोराच दिसतो.
राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर लावा, ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीपलीकडे बरं पोचतं. आणि जिथे कॅमेरा लावायचा तिथे आधी मोबाईल धरून रेंज बघून घ्या, दार बंद करून बघा.

तारजोड:
भाड्याच्या घरासाठी बरोबर आहे तुमचं, वाद नाही. पण ताईंचं स्वतःचं घर आहे आणि आईबाबा एकटे असतात, म्हणून तिथे वायरच. कारण स्वस्त वायफाय कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरी कार्डवर होतं. कुणी कॅमेराच उपटून नेला तर पुरावाही त्याच्यासोबत गेला. वायरवाल्यात सगळं घराच्या आत कपाटात ठेवलेल्या डब्यात साठतं. शिवाय वायफायचा सिग्नल मुद्दाम पाडता येतो.
वायरमधे दोन प्रकार. डीव्हीआर म्हणजे कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी), कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा करंट वेगळा. हे सगळ्यात स्वस्त पडतं आणि वाईट अजिबात नाही, हल्लीचे डीव्हीआर ५ मेगापिक्सेलसुद्धा घेतात. घरात आधीची कोॲक्स टाकलेली असेल तर डोळे झाकून तेच करा. एनव्हीआर म्हणजे तसाच डबा पण नेटवर्क केबलवर चालणारा, आणि पीओई घेतलं तर त्या एकाच केबलमधून करंटही जातो आणि चित्रही येतं, १०० मीटरपर्यंत. नवीन वायरिंगच करायचं असेल तर मी हेच घेईन. केबल मात्र शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास खपवतात, लांब अंतरावर त्यात व्होल्टेज पडतं आणि मग दिवसा ठणठणीत असलेला कॅमेरा रात्री बंद-चालू होत राहतो. कारण रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे (अंधारात बघण्यासाठीचे, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे) लागले की कॅमेऱ्याला जास्त करंट लागतो. १२ व्होल्टवाल्यातही बारीक वायर लांबवर ओढली की हेच होतं. रात्रीच कॅमेरा गायब होतोय अशी तक्रार आली की मी आधी वायर बघतो, कॅमेरा नंतर.

निशाचर_७:
रात्रीचं कुणी बोललंच नाही अजून आणि खरी गरज तर तेव्हाच आहे!! वर ८ मेगापिक्सेलचं आलंय म्हणून सांगतो, त्याच छोट्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो, त्यामुळे स्वस्त ८ वाले रात्री ४ वाल्यांपेक्षा डावे निघतात. डब्यावर मेगापिक्सेल ठळक छापतात, सेन्सरचा आकार आत कुठेतरी बारीक अक्षरात असतो, तो शोधा. लेन्सचा एफ आकडाही बघा, एफ २.० पेक्षा एफ १.० ची लेन्स चौपट उजेड आत घेते.
उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. उभी भिंत, झाड, गाडी सगळं छान दिसतं, दुकानात डेमोला तेच दाखवतात, पण चालता माणूस आला की चेहऱ्याचा नुसता फराटा. म्हणून लावल्यावर कुणालातरी रात्री गेटमधून भरभर चालत यायला सांगा आणि रेकॉर्डिंग थांबवून चेहरा बघा. तेव्हाच खरं कळतं.
सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गेटपाशी एक साधा एलईडी दिवा रात्रभर. कॅमेऱ्यावर जादा खर्च करण्यापेक्षा त्या दिव्याने जास्त फरक पडतो आणि आईबाबांनाही बरं वाटेल. इन्फ्रारेड कॅमेरा छज्जाच्या अगदी खाली किंवा भिंतीला खेटून लावू नका, त्याचाच उजेड भिंतीवरून परत लेन्समधे येतो, भिंत पांढरीफट्ट आणि अंगण काळं. कोळी पण त्या उबेला आणि उजेडाला आलेल्या किड्यांमागे येऊन लेन्ससमोर जाळं विणतात, मग रात्रभर हालचालीचे अलर्ट. अधूनमधून फडकं मारावं लागतं, त्याला इलाज नाही. गोल घुमटवाला घेण्यापेक्षा टरेटवाला (लेन्ससमोर घुमट नसलेला, गोळ्यासारखा फिरणारा) घ्या, घुमटाच्या प्लास्टिकवर धूळ बसली की इन्फ्रारेडमधे सगळं धुरकट होतं.

अंगणवेल:
बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. लेन्सचं तर कुठल्याच दुकानदाराने काढलं नाही. मग तीन कॅमेरे, ४ मेगापिक्सेल, पीओई असं धरते. हार्ड डिस्क केवढी लागेल? आणि लाईट गेली की सगळंच बंद ना? आमच्याकडे लाईट जाते अधूनमधून. उंचीवर लावले तर चोराचा हात पोचणार नाही म्हणून गच्चीच्या कठड्यावर लावायचं म्हणत होते बाबा.

तारजोड:
बाबांना सांगा गच्चीवर नको. तेवढ्या उंचीवरून टोपी आणि डोक्याचा घेर दिसतो, चेहरा नाही. अडीच मीटर, फार तर तीन. हात पोचला तरी रेकॉर्डिंग आत आहे, कॅमेऱ्याकडे हात नेताना चेहरा सगळ्यात जवळून येतो.
डिस्कचा हिशोब सोपा आहे. १ मेगाबिट प्रति सेकंदाचं रेकॉर्डिंग दिवसाला १०.८ जीबी खातं. ४ मेगापिक्सेलला एच.२६५ मधे (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, एच.२६४ ही तिच्या आधीची), सेकंदाला १५ फ्रेम ठेवल्या तर २ मेगाबिट धरा. तीन कॅमेऱ्यांचे ६, म्हणजे दिवसाला साधारण ६५ जीबी. १ टीबीत पंधरा दिवस, २ टीबीत महिना, मग जुनं आपोआप पुसलं जाऊन नवीन चढतं. एच.२६४ वर ठेवलंत तर जागा जवळपास दुप्पट लागेल. डिस्क सर्व्हेलन्ससाठीचीच घ्या, डब्ल्यूडीची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. कॉम्प्युटरची साधी डिस्क दिवसरात्र लिहायला बनवलेली नसते.
लाईटचं म्हणाल तर पीओईचा इथेच फायदा, पीओई पोर्टवाला एनव्हीआर घेतलात तर कॅमेरे सगळे त्याच्यावरूनच करंट घेतात, त्यामुळे एनव्हीआर आणि राउटर या दोघांना एक छोटा यूपीएस दिला की पूर्ण सिस्टीम चालू राहते. कॅमेरा रात्री इन्फ्रारेडसकट दहा वॅटच्या आतच खातो.

कुलूपकिल्ली:
मोबाईलवर बघायचंय म्हणताय म्हणून आवर्जून लिहितेय, बसवणारा माणूस निघून जायच्या आधी पासवर्ड तुमच्या हाताने बदला. २०१६ मधे मिराई नावाचा व्हायरससारखा प्रोग्राम पसरला होता, त्याने कंपनीचे ठरलेले साठेक युजरनेम-पासवर्ड वापरून जगभरातले घरगुती कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डिन या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर असा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. अजूनही बसवणारे ॲडमिन आणि १२३४५६ ठेवून जातात, आणि गिऱ्हाईकाला सोपं पडावं म्हणून राउटरवर पोर्ट (बाहेरून थेट आत यायची वाट) उघडून देतात. पोर्ट उघडू देऊ नका, राउटरमधलं यूपीएनपी (अशी पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद करा. कंपनीच्या ॲपवरून बघितलंत तर सबस्क्रिप्शन लागत नाही, थोडी माहिती असेल तर घरच्या राउटरवर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) त्याहून चांगलं.
ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांना जोडता यावीत म्हणून ठरलेली पद्धत) आहे का ते पण विचारा. आमच्या नात्यात एकांच्या कॅमेऱ्यांचं ॲप कंपनीने बंद केलं आणि चांगले चालणारे कॅमेरे टाकून द्यावे लागले कारण दुसऱ्या कशालाच ते जोडले जात नव्हते. ऑनव्हिफ असलं की कॅमेरा एका कंपनीचा, एनव्हीआर दुसऱ्याचा असं चालतं, पुढे एखादा बदलायची वेळ आली तर सगळा सेट फेकावा लागत नाही.
अजून एक, जरा नाजूक आहे. कॅमेरे बाहेरच ठेवा. काळजीपोटी आपल्याला वाटतं की हॉलमधेही एक असावा, आईबाबा पडलेबिडले तर कळेल, पण त्यांना स्वतःच्या घरात सतत कुणी बघतंय असं वाटू नये. हवाच असेल तर त्यांना विचारून, आणि बंद करायचं बटण त्यांच्या हातात देऊन. शेजाऱ्यांची खिडकी फ्रेममधे येत असेल तर सेटिंगमधे प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करा आणि शेजाऱ्यांना दाखवा, उगीच मनं कलुषित होत नाहीत.

अंगणवेल:
हॉलचं माझ्या डोक्यात होतंच, आईला विचारलं तर ती लगेच नको म्हणाली, तेव्हा तो विषय संपला. गेटचा दिवा तर उद्याच सांगते लावायला. अलर्टचं काय करायचं पण? मैत्रिणीच्या मोबाईलवर मांजर गेलं तरी वाजतं, शेवटी तिने बंदच करून टाकलं.

निशाचर_७:
साधं मोशन डिटेक्शन म्हणजे चित्रातले पिक्सेल बदलले की वाजणार, पान हललं, पाऊस आला, गाडीचा लाईट भिंतीवर पडला, सगळ्यालाच. माणूस ओळखणारं डिटेक्शन असलेले कॅमेरे हल्ली स्वस्तातही मिळतात, तेच घ्या आणि त्यातही गेटच्या आतल्या बाजूला एक रेष आखून ती ओलांडली तरच अलर्ट असं ठेवा, फक्त रात्री ११ ते पहाटे ५. दिवसभर दूधवाला, पेपरवाला येतजात असतो, त्याचे अलर्ट कशाला. रेकॉर्डिंग मात्र चोवीस तास, फक्त हालचालीवर ठेवलंत तर नेमकी हवी ती क्लिप सुटते.
आणि घड्याळ! एनव्हीआरची वेळ एनटीपीवर (इंटरनेटवरून आपोआप बरोबर वेळ घेणं) लावा. पोलिसांना फूटेज द्यायची वेळ आली आणि त्यावर चाळीस मिनिटं मागची वेळ असली तर समजावता समजावता नाकी नऊ येतात.

तारजोड:
+१ घड्याळाला. आणि बसवणाऱ्याकडून तुमच्यासमोर एक क्लिप पेनड्राइव्हवर काढून घ्या, बाबांनाही ते एकदा करून बघू दे. बिलावर कॅमेऱ्याचा, एनव्हीआरचा आणि डिस्कचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतो. बोळाची रुंदी आणि लांबी मोजून इथे टाका, ४ एमएम पुरेल की ६ लागेल ते सांगतो.