नवीन दाखल पुस्तकं आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

रिकामी_ओळ
काल विद्यापीठाच्या ग्रंथालयाची मेल आली, "नवीन दाखल ग्रंथ". शिक्षण संपून २१ वर्षं झाली. माजी विद्यार्थी मेळाव्यात कधीतरी मेल-आयडी लिहून दिला होता, तेव्हापासून येते. एरवी न उघडता पुढे जाते. काल मुलीचा क्लास सुटेपर्यंत गाडीत बसून होते म्हणून उघडली. यादी म्हणजे छापील कागदाचा फोटो. दोन बोटांनी मोठा करत करत शेवटपर्यंत वाचला.

आमच्या वेळी देवघेव काउंटरच्या डाव्या हाताला काचेचं कपाट होतं. दर सोमवारी त्यात नवी पुस्तकं दर्शनी उभी करायचे आणि वरच्या फलकावर त्यांची जॅकेटं टाचणीने लावायचे. आठवडाभर नुसतं बघायचं. शनिवारी कपाट उघडलं की ज्याची चिठ्ठी आधी, त्याला पुस्तक. मला ५५१.२२ या विषय क्रमांकातलं एक हवं होतं, भूकंपलहरींवरचं. (हा आकडा अजून पाठ आहे. स्वतःच्या गाडीचा नंबर मात्र बघून सांगावा लागतो.) सोमवारी दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले, चिठ्ठी टाकली, आणि तरीही सहा दिवस रोज जाऊन कपाटात आहे ना ते बघून यायची.

शनिवारी काउंटरवरच्या काकांनी ते लगेच हातात दिलं नाही. कण्यावर उभं धरलं, पुढची थोडी पानं बोटाने दाबली, मग मागची थोडी, मग परत पुढची, असं करत करत मध्यावर आले. नवं पुस्तक एकदम मधोमध उघडलं की शिवण जाते, म्हणाले. मग शेवटचं पान. तारखांची पट्टी कोरी, तिच्याखालचा गोंद पुरता वाळलेला नव्हता, कागदाला सुरकुती आलेली. शिक्का मारला तो तिरका बसला. काका म्हणाले, "घ्या, पहिलीच तारीख वाकडी." त्या पट्टीवरची पहिली तारीख माझी! पुस्तक निम्मं समजलं नाही, पण तो शिक्का मी त्या पंधरा दिवसांत कितीदा उघडून पाहिला असेल.

तुमचंही लिहा. नवी पुस्तकं, फलक, पुस्तक परिचयाचे कार्यक्रम, काहीही.

गणित_कच्चं
मी लपवायचो. आता कबूल करायला हरकत नाही. संभाव्यतेवरचं नवं पुस्तक आलं होतं, ५१९.२, प्रत एकच. वाचायचं आणि ६३६.७ मध्ये नेऊन ठेवायचं. म्हणजे कुत्रे. आमच्याकडे कुत्र्यांवर चारच पुस्तकं आणि त्यांना कोणी हात लावत नसे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेलो तर पुस्तक गायब. तीन दिवस कुत्र्यांत शोधलं, शेजारच्या मांजरांत शोधलं, घोड्यांपर्यंत मागे गेलो. नापास होणार या भीतीने शेवटी काउंटरवर विचारलं तर ते म्हणाले, जागेवरच आहे की. त्याच्या खऱ्या जागेवर! ५१९.२! तिथे बघायचं सुचलंच नव्हतं.

सुतळी
मांजरांत 😂😂 बसमध्ये एकटीच हसतेय

जुना_किल्लीवाला
गणितराव, ते आमच्यातल्याच कोणीतरी जागेवर ठेवलं असणार. शेल्फ रेक्टिफिकेशन म्हणतात त्याला. मी ३१ वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात परिचर होतो. रोज सकाळी वाचक यायच्या आधी ठरलेल्या रांगा क्रमाने वाचत जायच्या, पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बघत. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हे हरवल्यातच जमा, कारण तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या नोंदयादीत, ते दिसतं आणि फळीवर सापडत नाही. तुम्हा मंडळींना वाटायचं आपण फार हुशार. लपवायच्या जागा सगळ्यांच्या त्याच. बांधीव नियतकालिकांच्या मागे, भिंतीकडची खालची फळी, आणि ज्या विषयाचं खातं बंद पडलंय त्या विषयाचं कपाट.

आणखी एक. वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच राहू द्यावं. फळीवर परत ठेवताना चुकतंच. शिवाय संध्याकाळी टेबलांवरची पुस्तकं आम्ही मोजायचो. घरी न नेता इथेच काय वाचलं जातं ते त्यावरून कळायचं. तुम्ही शिस्तीने परत ठेवता आणि आमचा आकडा पडतो.

खिडकीजवळची_जागा
म्हणजे इतकी वर्षं मी नेमाने परत ठेवत आले ते चूक? लहानपणापासूनचे संस्कार वाया.

टाचणी
चांगला धागा. जरा अवांतर, आमच्या विभागाचा अंक काढायचाय, आयएसएसएन क्रमांक कसा मिळवतात कोणाला माहीत आहे का?

पानगळ
मी शिफारस अर्ज भरला होता. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. लेखक, प्रकाशक, वर्ष सगळं सुवाच्य अक्षरात, वर विभागप्रमुखांची सही. रोज फलक बघायची. पुस्तक आलं नाही, शिक्षण संपलं, थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायला गेले. दाखल्यावर सही होईपर्यंत सहज फलकाकडे बघितलं तर तिथे ते! नव्याकोऱ्या जॅकेटमध्ये. आणि माझं कार्ड त्या क्षणी समोरच्या बाई टेबलाच्या खणात टाकत होत्या.

बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "वाचनकक्षात बसून वाचा ना, आज संध्याकाळपर्यंत आहात तुम्ही." बसले. शेवटची दोन प्रकरणं राहिली ती राहिलीच.

सुतळी
अगं पानगळ 😔

तालिका
पानगळ, तुमचं पुस्तक कुठे अडकलं असेल ते सांगते, मी याच खात्यात आहे. शिफारस आली की आधी बघायचं की पुस्तक आपल्याकडे आहे का, किंवा आधीच मागवलंय का. मग समितीची मंजुरी, मग मागणीपत्र, पुस्तक आलं की बिलाशी ताडून दाखल क्रमांक, मग वर्गीकरण, तालिकीकरण, पाठीवरचं लेबल, शिक्के. यातलं खरं पुस्तकाचं काम दोन दिवसांचं. बाकीचा वेळ कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातो. वर्ष संपत आलं की सगळी खाती एकदम जागी होतात आणि खोकीच्या खोकी येऊन पडतात. तेव्हा एका पुस्तकाला "लवकर हवंय" अशी चिठ्ठी असेल तर ते ढिगातून आधी उपसलं जातं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, अर्ज देऊन घरी बसू नका, दर आठवड्याला येऊन डोकं खा. जो डोकं खातो त्याचं पुस्तक आधी.

टाचणी, आयएसएसएन आठ अंकी असतो आणि तो नियतकालिकांसाठी. अंक एकदाच निघणार असेल तर तो पुस्तकात धरतात, त्याला आयएसबीएन. तुमचा दरवर्षी निघणार आहे का?

गणित_कच्चं
आयएसबीएनवरून आठवलं. कमवा आणि शिकामध्ये ग्रंथालयात नवी पुस्तकं संगणकात भरायचं काम होतं मला. दहा अंकी नंबराच्या शेवटी कधी कधी एक्स यायचा. मला वाटलं छपाईची चूक. प्रत्येक एक्स खोडून मी शून्य टाकत होतो. ४० पुस्तकं झाल्यावर मॅडमच्या लक्षात आलं. तो एक्स म्हणजे १०, रोमन आकडा, तपासणीचा अंक. अकराने भाग जातो की नाही बघून काढतात, म्हणून बाकी १० येऊ शकते आणि ती एका घरात बसवायला एक्स. २००७ पासून तेरा अंकी झाला, तिथे दहाने भागतात, एक्सची भानगड गेली. पण ती ४० पुस्तकं मी पुन्हा भरली एका रविवारी. एम.एस्सी. गणित म्हणे.

सुतळी
नाव सार्थ आहे तुझं

अर्धविराम
परिचय कार्यक्रमाचं सांगतो. ग्रंथालयाने "नव्या पुस्तकांची ओळख" असं सुरू केलं होतं, महिन्याचा दुसरा बुधवार. एक प्राध्यापक यायचे आणि नवीन आलेल्या एका पुस्तकावर अर्धा तास बोलायचे. एका बुधवारचे वक्ते फार रंगात आले. हे पुस्तक मी रात्रभर जागून वाचलं, चौथ्या प्रकरणाने हादरवलं वगैरे. शेवटी पुस्तक श्रोत्यांत फिरवायला दिलं. माझ्यापर्यंत आलं, चौथं प्रकरण उघडायला गेलो तर उघडेना. पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहून गेली होती. सलग सोळा पानं. मी शेजारच्याला दाखवलं, त्याने पुढच्याला. हसू कसं आवरलं ते आमचं आम्हाला माहीत.

ग्रंथपाल मॅडमनी मात्र कमाल केली. आभार मानताना म्हणाल्या, "सरांनी चौथ्या प्रकरणाबद्दल जी उत्सुकता निर्माण केली आहे, ती लक्षात घेऊन आम्ही उद्या ते कापून ठेवू."

खिडकीजवळची_जागा
😂 मॅडमना दंडवत

दुपारची_बस
आमच्याकडे अशा कार्यक्रमांना पहिल्या दोन रांगा कर्मचाऱ्यांनीच भरायच्या असा तोंडी आदेश होता. फोटोसाठी.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे ग्रंथालयांसाठीचे पाच नियम आठवले. पुस्तकं वापरासाठी, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय वाढतं राहतं. १९३१ चे आहेत. मूळचा माणूस गणिताचा. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पहिल्याच काही आठवड्यांत कंटाळून परत शिकवायला पाठवा म्हणत होते. मग लंडनला गेले, तिथे दुकानात मेकॅनोचं खेळणं पाहिलं, त्याच पट्ट्या आणि स्क्रू वापरून वेगवेगळी यंत्रं. त्यावरून विषयाचे तुकडे जोडून नंबर बनवायची कल्पना सुचली, तेच द्विबिंदू वर्गीकरण, १९३३ चं. मला हे फार आवडतं. बाकी काचेच्या कपाटात आठवडाभर कुलूप, हा पहिल्याच नियमाचा भंग आहे बरं का, रिकामी_ओळ.

रिकामी_ओळ
हो, पण कुलूप नसतं तर मी रोज गेले नसते 🙂

जुना_किल्लीवाला
कुलूप नसतं तर शनिवारपर्यंत कपाटही राहिलं नसतं. किल्ली माझ्याकडे असायची, मला माहीत आहे.

श्रोता
मी डोळ्यांनी बघू शकत नाही, फोन माझ्यासाठी मोठ्याने वाचतो. धागा ऐकत होतो. आमच्याही विद्यापीठाची यादी फोटो म्हणूनच येते. फोन फक्त म्हणतो "प्रतिमा". दर महिन्याला मला कळतं की नवी पुस्तकं आली, कोणती ते कळत नाही. कार्यक्रमाची पत्रिकाही तशीच, वर फुलांची नक्षी असते असं मित्र सांगतो. २०१३ मध्ये माराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला, आमच्यासारख्यांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला मुभा देणारा. २०१६ पासून लागू आहे. म्हणजे पुस्तक मिळायची सोय आहे, पण ते आलंय हे मला कोण सांगणार? यादी टाइप तर केलेलीच असते कुणीतरी. ती छापायची, फोटो काढायचा, तो पाठवायचा. एवढे कष्ट कशासाठी ते एकदा विचारायचंय.

रिकामी_ओळ
श्रोता, मी काल तो फोटो मोठा करून वाचला आणि हे डोक्यात आलं नाही. आमच्या ग्रंथालयाला आजच लिहिते. तुम्हीही लिहा तुमच्याकडे.

तालिका
लिहाच. आणि मजकुरातच मागा, पीडीएफ म्हणालात तर पुन्हा स्कॅन पाठवतील. तक्रारी आल्या की हलतात, हे आतून सांगतेय. ई-पुस्तकांचंही तेच. "सध्या दुसरा वाचक वापरत आहे" असं दिसलं की लोक चडफडून बंद करतात. पण तुम्हाला नकार मिळाला याची नोंद होते, महिन्याचा आकडा आमच्याकडे येतो. तो बघूनच जास्त परवाने घ्यायचे की नाही ते ठरतं. त्यामुळे जरूर नकार घ्या.

पानगळ
जरूर नकार घ्या 😄 हे फलकावर लावायला हवं.

खिडकीजवळची_जागा
खालच्या फळीवरच्या पुस्तकांवर कोणीतरी लिहा. गुडघे. मी हल्ली फक्त कमरेच्या वरचे विषय वाचते.

दुपारची_बस
आमच्याकडे तारखांची पट्टीच गेली. यंत्रावर पुस्तक ठेवा, पावती घ्या. आपल्या आधी कोणी नेलंय का ते कळायला मार्ग नाही. रिकामी_ओळच्या त्या तिरक्या शिक्क्यासारखं काही आता उरणार नाही.

रिकामी_ओळ
ते ५५१.२२ अजून तिथे आहे. तालिकेत शोधलं आत्ता, "उपलब्ध" दाखवतंय.

गणित_कच्चं
उपलब्ध म्हणजे कुत्र्यांत बघून ये आधी.

श्रोता
चार दिवसांनी परत आलो. लिहिलं होतं. ग्रंथालयाने लगेच उत्तर दिलं, दिलगिरी वगैरे, आणि फोटोऐवजी वर्ड फाइल पाठवली. फार बरं वाटलं. उघडली. युनिकोड (फोनला मराठी म्हणून ओळखता येणारी अक्षरं) नसलेल्या कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये आहे. फोन अर्धा तास नुसती इंग्रजी मुळाक्षरं आणि अर्धविराम वाचतोय.

अर्धविराम
मला कशाला मध्ये घेताय 😅 फाइल मला पाठवा, युनिकोडमध्ये करून देतो. रात्री बसतो.

तालिका
आणि त्यांना परत लिहा. डोकं खा.

टाचणी
तालिका मॅडम, दरवर्षी काढायचाय. म्हणजे पहिला तरी निघू दे आधी. अर्ज कुठे करायचा?