नॅकचा फीडबॅक फायलीतच राहायचा का?

कोरडवाहू
तालुक्याच्या कॉलेजात मी दोनदा आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम पाहिलं. कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेसाठीची कागदपत्रं हाच कक्ष करतो. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे अशा सगळ्यांचा फीडबॅक घ्यायचा, विश्लेषण करायचं, त्यावर काय केलं ते लिहायचं आणि वेबसाइटवर टाकायचं. एवढं झालं की त्या मुद्द्याचे पूर्ण गुण. आम्ही ते मिळवले. पण एका मुलीने लिहिलं होतं, प्रॅक्टिकल सुटेपर्यंत ग्रंथालय बंद झालेलं असतं आणि गावाची एसटी साडेसहाला आहे, मधला दीड तास आम्ही फाटकापाशी बसून काढतो. तिचं वाक्य ‘समाधानकारक’च्या रकान्यात विरून गेलं. ती पदवी घेऊन गेलीसुद्धा. तिला कुणीच उत्तर दिलं नाही, मीही नाही.

दर सत्राला हा फीडबॅक खुल्या सभेत वाचावा आणि त्या सभेला शेजारच्या कॉलेजातल्या लोकांनाही बोलवावं, असं माझं म्हणणं आहे. प्रत्येक कॉलेज आपले दोन ‘उत्तम उपक्रम’ नॅकला लिहून देतं. वीस किलोमीटरवरच्या कॉलेजात ते कुणी वाचतं का?

जुनी_शाई
सर, कळकळ पटली, उपाय नाही पटला. मी निवृत्त प्राचार्य आहे. 1994 साली नॅक स्थापन झालं, त्याआधी आमच्याकडे विद्यार्थ्याला काही विचारायची रीतच नव्हती. निकाल लागला की वर्ष संपलं. फायलीच्या धाकाने का होईना, नोंदी राहू लागल्या. खुली सभा घेतलीत तर आमच्यासारख्या संस्थेत पहिल्याच दिवशी तिथे संचालकांचे दोन गट भांडतील. आणि सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या एखाद्या शिक्षकाबद्दलची तक्रार माइकवर वाचली गेली, तर पुढच्या वर्षी त्याला नेमणुकीची ऑर्डर मिळेल?

तासिकेवाली
मी सीएचबीवरच आहे, सातवं वर्ष. सर, आमची काळजी केलीत, बरं वाटलं. पण मला त्रास झाला तो बंद पाकिटाचा. मुलाखतीत ‘तुमच्याबद्दल तक्रारी आहेत’ एवढंच सांगितलं. कुठल्या, ते दाखवलं नाही. फळ्यावर बारीक लिहिते असं कुणी म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवसापासून मोठं लिहिलं असतं.

आणखी एक. माझ्याआधीच्या सरांची एक वही होती. कुठल्या प्रयोगात मुलं नेमकी कुठे अडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं त्यात टिपून ठेवलेलं. त्यांची ऑर्डर थांबली आणि वहीही त्यांच्याबरोबर गेली. नॅकच्या सात निकषांपैकी कुठल्या निकषात बसते ती वही? आम्ही पुराव्यासाठी जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो जपतो आणि हे हातचं जाऊ देतो.

माजी_विद्यार्थी_पुणे
शेजाऱ्याला सांगणार कोण? नॅकचे चारपैकी 3.25 गुण आले तर ए श्रेणी, 3.26 आले तर ए प्लस. एवढ्याशा फरकावर प्रवेशाच्या जाहिराती छापल्या जातात, मग प्रत्येक जण आपलं झाकूनच ठेवणार. भूषण पटवर्धन यांनी मार्च 2023 मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सोडलं, तेही गैरप्रकारांकडे बोट दाखवून. फेब्रुवारी 2025 मध्ये तर सीबीआयने तपासणी समितीतल्या लोकांनाच लाच प्रकरणात अटक केली. मूल्यांकनाची पद्धत सुधारायला सरकारने नेमलेल्या राधाकृष्णन समितीने सुचवल्याप्रमाणे ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’ एवढंच ठेवावं. श्रेणीच नसेल तर लपवायचं कशाला?

जुनी_शाई
त्याच समितीने पुढे पाच पातळ्याही सुचवल्यात, चढाओढ तिथे सुरू होईल. शिवाय आडगावच्या कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली की तिथल्या पोरांना मान मिळतो, हे मी पाहिलंय. तो काढून घेऊ नका.

कोरडवाहू
श्रेणी राहो की जावो, शिकवणारा माणूस शेजारी पोचला पाहिजे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2019 मध्ये ‘परामर्श’ योजना आणली, मानांकित कॉलेजने इतरांना हात द्यायचा म्हणून. कल्पना मला आजही आवडते. पण मी एका मोठ्या कॉलेजात मार्गदर्शनाला गेलो आणि फाइल कशी लावायची तेवढं शिकून आलो. प्रयोगशाळेत कुणी नेलंच नाही.

शाई सर, शिक्षकांची नावं माइकवर नकोत, हे मान्य. ज्याचं त्याला लेखी द्यावं, म्हणजे ताईंवर आली तशी वेळ कुणावर येणार नाही. पण ग्रंथालयाची वेळ, पाणी, प्रयोगशाळा यात कुणाची अब्रू जात नाही. ते खुलंच हवं. ताई, त्या सरांशी संपर्क असेल तर वही मागून बघा, झेरॉक्सचे पैसे मी देतो.

तासिकेवाली
फोन करते आजच.

जुनी_शाई
एवढं वगळून वाचणार असाल तर माझा विरोध नाही. मात्र उत्तर द्यायला प्राचार्य स्वतः सभेत बसणार असतील तरच वाचा. नाहीतर ती मुलं आणखी एकदा फाटकापाशीच बसतील.